मास्तरांचा वासाचा वाटाणा

मास्तरांना त्यांच्या मुलानं फसवलं. उमरग्याला डोळे दाखवू, संध्याकाळी परत येऊ, असं सांगून गाडीत बसवलं आणि पुण्याला नेलं. हे मी हवेत सांगत नाही. गाडी निघाली तेव्हा शेजारच्या मावशी दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या, हे बोलणं त्यांच्यासमोर झालं. मास्तरांनी घराला कुलूप लावलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि मावशींना सांगितलं की पाच-साडेपाचला येतो, पाण्याची वेळ चुकायची नाही.

ते शाळामास्तर नव्हते. एसटीत कंडक्टर होते. ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तरच म्हणतात, आणि सास्तूरमध्ये अर्धा गाव कधी ना कधी त्यांच्या गाडीनं गेलेला, त्यामुळं निवृत्तीनंतरही तेच नाव राहिलं. उंच, वाकलेला माणूस. कमरेतला बाक उभ्यानं तिकिटं फाडून आलेला. घरी कुणी आलं तर "काय काम काढलं?" असं विचारायचे नाहीत. "कुठं जायचंय?" असं विचारायचे. आणि सगळ्यांना तुम्ही. शेंबड्या पोरालाही तुम्ही. प्रवासी लहान असो की मोठा, अर्धं तिकीट असलं तरी माणूस पुरा असतो, असं त्यांचं म्हणणं. बोलणं पुरे झालं असं वाटलं की खाटेच्या लोखंडी पायावर हातातल्या तिकिटाच्या चिमट्यानं दोनदा ठोकायचे. टण् टण्. डबल बेल. म्हणजे निघा.

मला पहिल्या भेटीत अडीच मिनिटांत डबल बेल मिळाली.

मी रोपं विकतो. मिरची, वांगी, टोमॅटो, झेंडू. सायकलच्या कॅरिअरला ट्रे बांधून गावोगाव फिरण्यापासून सुरुवात केली, आज लोहारा रस्त्याला माझी स्वतःची शेडनेटं आहेत. बापानं काही ठेवलं नव्हतं, सासऱ्यानं काही दिलं नाही. घासाघिशीत माझा हात कुणी धरत नाही आणि माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. हे दोन्ही गुण सांगतोय, कारण पुढं दोन्ही नडले.

एका जानेवारीत मोटारसायकलवरून नव्या वस्तीतून चाललो होतो. भूकंपानंतर वसवलेली ती सगळी घरं एका साच्यातली. तिथं एका अंगणापाशी असा वास आला की मी ब्रेक मारला. मोगरा नाही, गुलाब नाही. संत्र्याची साल आणि मध एकत्र केल्यासारखं काहीतरी. कुंपणाला तुराट्या रोवून त्यावर वाटाण्यासारखा वेल चढवलेला, आणि त्याला जांभळी, गुलाबी, पांढरी फुलं, पातळ कागदाची केल्यासारखी. शहरातल्या नर्सरीवाल्यांकडून नाव ऐकलं होतं, स्वीट पी. पण आमच्या उन्हात हे टिकत नाही असंही ऐकलं होतं. इथं तर डोक्याएवढं वर गेलं होतं.

मी आत गेलो आणि बियाण्याचं विचारलं. मास्तर म्हणाले, विकायचं नाही. मी दाम सांगितला. ते गप्प. वाढवला. ते गप्प. मला वाटलं, म्हातारा पक्का आहे, चढवतोय. मी आणखी वाढवला. तेव्हा ते म्हणाले, "हा माल माझा न्हाय. प्रवाशाचा हाय. दुसऱ्याचं सामान मी विकू का?" आणि टण् टण्.

मी शिव्या देत बाहेर पडलो. पण वास डोक्यातून जाईना.

त्यांच्या सामानाची हकीकत मला तुकड्या-तुकड्यानं कळली, दोन हिवाळे लागले. त्र्याण्णव साली ते मुक्कामी गाडीवर होते. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी एखाद्या गावाला जाऊन रात्रभर तिथंच थांबते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. त्या संध्याकाळी गाडी रिकामी झाल्यावर शेवटच्या बाकाखाली एक कागदाची पुडी सापडली. आत काळे, गोल, कडक दाणे, पंचवीस-तीस. वर निळ्या शाईत, बाईमाणसाच्या वळणदार अक्षरात: वासाचा वाटाणा. खाऊ नये. घरात लावणे, रोप झाल्यावर बाहेर. सापडलेलं सामान डेपोत जमा करायचं असतं. मास्तरांनी पुडी तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत टाकली, उद्या जमा करू म्हणून, आणि गाडीतच सीटवर आडवे झाले. पहाटे भूकंप झाला. घरी बायको होती. मुलगा सहा वर्षांचा, तो मामाकडं गेलेला होता म्हणून वाचला.

यापुढं त्यांनी मला कधी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या भागात हे कुणी कुणाला विचारत नाही.

काही महिन्यांनी ते डेपोत गेले तेव्हा पुडी जमा करून घ्यायला कुणाला सवड नव्हती. साहेब म्हणाले, ठेवा तुमच्याकडंच, कुणी मागायला आलं तर द्या. साहेबानं जीव सोडवला. मास्तरांनी मात्र ती ड्यूटी समजली. बी दोन-तीन वर्षांत मरतं, आणि मालक आला तर त्याच्या हातात मेलेलं बी कसं ठेवायचं? म्हणून दर वर्षी लावायचं आणि ताजं बी धरून ठेवायचं. निम्मं लावायचं, निम्मं पेटीत. तीस वर्षं हे चाललं. फुलं ते कुणालाही द्यायचे. सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरसमोर तर रोज एक जुडी असायची. फुलं वाटली तर मालकाचं काही कमी होत नाही म्हणायचे. शेंग मात्र एकही नाही. मार्चमध्ये शेंगा वाळून तडकायच्या आत स्वतः खुडायचे आणि खाली जुनं धोतर पसरायचे, एखादा दाणा उडालाच तर सापडावा म्हणून.

आता घराचं. सरकारनं बांधून दिलेल्या त्या घरात मास्तर एक दिवस झोपले नाहीत. अंगणात चार लाकडी खांबांवर पत्रा टाकला होता, त्याखाली लोखंडी खाट. पाऊस, थंडी, काही असो. आत जायचे ते पाण्याला आणि रोपांना. एकदा मी म्हणालो, मास्तर, घर मजबूत आहे, जाड सळई घातलीय. ते म्हणाले, "पत्रा पडला तर खरचटतं." एवढंच बोलून वर पत्र्याकडं बघत बसले.

घर होतं रोपांसाठी. चिठ्ठीत लिहिलं होतं ना, घरात लावणे. "माझ्याबद्दल चिठ्ठीत काई न्हाय," असं ते हसून सांगायचे.

आणि ते कसं लावायचे हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, असं काम मी दुसरीकडं पाहिलं नाही. सप्टेंबर संपताना एका सकाळी गाव भूकंपात गेलेल्यांच्या श्रद्धांजलीला जमतं. त्या दिवशी मास्तर आतल्या खोलीत बसून बी टोचायचे. या बियांची साल इतकी कडक की पाणी आत शिरत नाही. मास्तर तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्यानं प्रत्येक दाण्याला, डोळ्याच्या उलट्या बाजूला, केसाएवढा टवका काढायचे. तो चिमटा गाड्यांत मशीन आल्यावर भंगारात निघालेला. मास्तरांनी तो अर्ज करून मागून घेतला होता, आणि परवानगीचा कागद बाबासाहेबांच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावला होता. कुणी म्हणू नये की डेपोचा माल घरी नेला. टवका काढलेलं बी रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी फुगलेले दाणे वेगळे. पेपर गुंडाळून केलेले वीतभर उंच पेले, कारण याची मुळी सरळ खाली जाते आणि तिला वाकवलेलं चालत नाही. माती म्हणजे नदीची वाळू आणि चाळलेलं शेणखत, काळी माती मूठभरच.

थंड देशात लोक हे घरात लावतात ते ऊब मिळावी म्हणून. आमच्याकडं उलटं. ऑक्टोबरचं ऊन बाहेर कोंबाला भाजून काढतं. मास्तरांनी आतल्या खोलीत पाण्याच्या रांजणाभोवती वाळू पसरली होती. रांजण पाझरायचा, वाळू ओली राहायची, तिच्यात पेले रोवलेले. खिडकीला आतून ओलं पोतं. दिवसातून दोनदा पोत्यावर पाणी, संध्याकाळी पेल्यांना. खोलीत पाऊल टाकलं की पायाला गारवा लागायचा. तीन पानं झाली की शेंडा खुडायचे. दिवाळीनंतर रोपांना बाहेर काढायचे, पहिल्या दिवशी घटकाभर, मग रोज थोडं जास्त. त्याला ते म्हणायचे, नव्या ड्रायव्हरला घाटात एकदम गाडी देत न्हाईत.

असल्या माणसाशी सौदा करायचा म्हणजे मलाच नवा सौदा शिकावा लागला. पैशानं जमेना तेव्हा मी येत-जात राहिलो. शेणखत चाळून दिलं. तुराट्या आणून दिल्या. चौथ्या वर्षी त्यांनी स्वतःच विषय काढला. डोळ्यांना कमी दिसत होतं, दाण्याचा डोळा सापडायला वेळ लागत होता. ते म्हणाले, "माझ्यामागं हे सामान कुणी सांभाळायचं?" मुलगा पुण्यात सिव्हिल इंजिनिअर, त्याला यात गोडी नाही. मी म्हणालो, मी सांभाळतो. ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. तिकीट न काढलेल्या माणसाकडं बघतात तसं.

तेव्हा मी माझी अक्कल चालवली. त्यांना म्हणालो, मास्तर, तीस वर्षं तुम्ही एका अंगणात हे फूल लावता. मालकीण बाई या अंगणावरून जाईल तेव्हा ना? चार गावांत, लातूर-सोलापूरला हे फूल दिसलं तर तिला वास येईल, तिच्या लेकीला येईल, कुणीतरी म्हणेल की हे तर आपलं. यंदा सगळं बी लावा. पेटीत ठेवू नका. अर्धी रोपं मी नेतो, माझ्या शेडमध्ये वाढवतो, बी दुपटीनं परत देतो.

बोलणं खोटं नव्हतं. पण पुरंही नव्हतं. ती रोपं मी पुढं सोलापूरला विकणार होतो, हे मी बोललो नाही. मास्तरांनी दोन दिवस विचार केला. मग पेटी उघडली आणि सगळं बी वाटीत ओतलं. तीस वर्षांत पहिल्यांदा पेटी रिकामी झाली.

यंदा उगवण अशी झाली की दोनशेत पाच-सात दाणेच फुकट गेले. बाराव्या दिवशी कोंब बोटभर. सोमवारी मी माझा वाटा न्यायचा ठरलं. शनिवारी मुलगा गाडी घेऊन आला.

सोमवारी मी ट्रे घेऊन पोचलो तर कुलूप. मावशींनी सगळं सांगितलं. दोन दिवस कुणी पाणी घातलं नव्हतं. मी मुलाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "काका, बाबांना मी इकडंच ठेवणार आहे. या वयात माणूस अंगणात झोपतो हे बरं दिसत नाही. चांगली बिल्डिंग आहे, आठवा मजला, स्लॅबचं गणित मी स्वतः केलंय." मी विचारलं, त्यांना हे सांगून नेलं का? तो म्हणाला, सांगितलं असतं तर आले नसते. मी रोपांचं बोललो. तो म्हणाला, वाटाण्याची रोपं ना, किल्ली कुरिअरनं पाठवतो.

मावशी शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "किल्ली कशाला? फोडा की कुलूप. न्हायतर मी वरवंटा आणते."

मी त्यांना थांबवलं. मीच.

कारण माझ्या डोक्यात सौदा सुरू झाला होता. मी हिशेब असा मांडला की कुलूप फोडून पाणी घातलं की मुलगा सुटला, मास्तर तिकडं अडकले. रोपं आत तहानलेली असली तरच मास्तर तिथं जिवाचा आकांत करतील आणि त्याला यावं लागेल. माझ्या हातात तेवढंच एक पान होतं. मी मुलाला सांगितलं, किल्ली पाठवू नकोस, मी घेणार नाही. वडिलांना घेऊन ये, त्यांच्या हातानं कुलूप उघडू दे. नाहीतर तीस वर्षांचं वाळून जाईल, ते तुझ्या माथी. तो चिडला, मी त्याच्यापेक्षा चिडलो. त्याला बोलू नये ते बोललो. त्यानं फोन कापला. मला वाटलं, वाकतोय. समोरचा चिडला म्हणजे वाकायला आला, हा माझा आयुष्यभराचा अनुभव.

मंगळवार गेला. मावशी दोनदा येऊन म्हणाल्या की आत काय झालं असंल. मी म्हणालो, थांबा, उद्या येतो बघा तो.

बुधवारी मास्तरांचा फोन आला. सुनेच्या फोनवरून, हळू आवाजात. मला वाटलं होतं मुलाबद्दल बोलतील, घेऊन जा म्हणतील. ते म्हणाले, "पाणी घातलंस का रे?" इतक्या वर्षांत मला त्यांनी कधी तू म्हटलं नव्हतं.

मी म्हणालो, "घातलं, मास्तर."

"कुलूप?"

"फोडलं. नवं लावतो."

"बरं केलंस. पोत्यावर पन टाक." मग म्हणाले, "इथं खाली उतरायला लिफ्ट हाय. मला तिचं बटन कळत न्हाय." आणि फोन बंद झाला.

मी शेडवरून सरळ मास्तरांच्या घरी गेलो आणि दगडानं कुलूप फोडलं. आत भट्टी झाली होती. पोतं खिडकीला कडक वाळून लटकलेलं. रांजण रिकामा, वाळू पांढरी. पेले सगळे जागच्या जागी उभे, ओळीनं, आणि प्रत्येकात एक सुतळीचा तुकडा ठेवल्यासारखं काहीतरी. मी तरी पाणी घातलं. सगळ्यांना घातलं. मावशी दारात उभ्या होत्या, आत आल्या नाहीत. त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

आठ दिवस पाणी घालत राहिलो. एकही उठलं नाही. मास्तरांचा आणखी दोनदा फोन आला. मी सांगितलं, दुसरं पान आलंय. मग सांगितलं, तिसरं आलंय, शेंडा खुडलाय. ते म्हणाले, फार खाली खुडू नको. मी म्हणालो, नाही मास्तर.

पुण्याला नेल्यापासून बाविसाव्या दिवशी पहाटे ते गेले. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. त्यांना सास्तूरला आणलं. मुलगा रडत होता, मनापासून रडत होता, ते मी नाकारत नाही.

जलदान विधी अंगणातच झाला. पत्र्याखालची खाट बाजूला काढून भंतेजींना बसायला जागा केली होती. सकाळच्या गाडीचा ड्रायव्हर गाडी फाट्यावर थांबवून प्रवाशांना सांगून आला, पाच मिनिटं. जेवणं झाल्यावर मुलानं मला कुंपणाशी बोलावलं. सून ताटं गोळा करत होती, जवळच होती.

तो म्हणाला, "काका, मावशी सांगत होत्या. कुलूप तुम्हीच फोडू दिलं नाही?"

मी म्हणालो, "व्हय."

"सगळं बी लावायला पण तुम्हीच लावलं?"

"मीच."

"आणि बाबा मला शेवटपर्यंत सांगत होते, रोपं चांगली आहेत, शेंडा खुडलाय."

"ते मी खोटं सांगितलं."

त्यानं मान खाली घातली. त्याला वाटलं असेल, झालं, फिटंफाट. या माणसानं फसवलं, मीही फसवलं, आता बोलण्यासारखं काही उरलं नाही. पण माझा प्रश्न राहिला होता, आणि तो मी तिथंच विचारला. विचारताना माझा आवाज चढला, हे कबूल. लोकांनी वळून बघितलं. सुनेच्या हातातली ताटं थांबली. तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि ती घरात निघून गेली. तो म्हणाला, "काका, आता त्याला काय अर्थ आहे? नंतर बोलू." त्यानंतर तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा साईटवर होता, दुसऱ्यांदा मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा सुनेनं उचलला. काही बोलली नाही, कापलाही नाही, नुसता धरून राहिली. शेवटी मीच ठेवला.

वास आता कुणाच्याच अंगणात नाही. ती पुडीवाली बाई कुठं असेल, आहे की नाही, मला माहीत नाही. तिला द्यायला माझ्याकडं काही नाही, आणि हे तिला सांगायची पाळी माझ्यावर आली तर मी सांगेन, बहाणे करणार नाही. माझ्या वाटणीची उत्तरं मी उभ्या उभ्या, चारचौघांत दिली आहेत. कुणाला आणखी विचारायची असतील तर माझी शेडनेटं लोहारा रस्त्याला आहेत, मी सकाळी सातपासून तिथं असतो.

पण इंजिनिअरसाहेब, तुमचं एक राहिलंय. तुमच्या फ्लॅटला अंगण नाही. बाल्कनीला तुम्ही जाळी लावली आहे, ती मावशींना फोटोत दाखवली होती. लिफ्टचं बटण त्यांना कळत नव्हतं. गच्चीचं दार सोसायटी बंद ठेवते, हेही तुम्हीच सांगितलं होतं. तीस वर्षं जो माणूस स्लॅबखाली एकदाही झोपला नाही, तो तुमच्या आठव्या मजल्यावर एकवीस रात्री होता. अर्थ आहे की नाही ते मी बघतो. तुम्ही फक्त सांगा, मास्तर तिथं झोपले कुठं?